अर्धा रस्ता

"घरात आणखी कुणाचं डोकं असं दुखतं?" डॉ. कर्णिकांनी विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"आई, वडील, भाऊ, आत्या, कुणीही. तरुणपणी दुखायचं, नंतर थांबलं, असंही चालेल."

"न्हाई बाई. आमच्यात असलं काय न्हाई."

डॉक्टरांनी कागदावर काही लिहिलं नाही. पेन तसंच हातात धरून त्या माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग, शैलजा. कुठे दुखतं ते नको. काय काय होतं आणि कोणत्या क्रमाने होतं, ते सांग."

गेली दोन वर्षं मी आमच्या तालुक्यातल्या तीन डॉक्टरांकडे जाऊन आले होते. एकाने चष्मा दिला, एकाने पित्ताच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने आईला बाजूला घेऊन मुलीचं लग्न कधी करताय म्हणून विचारलं. क्रम कुणीच विचारला नव्हता. मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि क्रम ही गोष्ट मला कळत होती.

"आधी एक ठिपका दिसत नाही," मी म्हणाले. "काळा डाग नव्हे. तिथे काहीच नसतं. मी वाचत असले तर एखादं अक्षर गळतं. मग त्या जागेभोवती चमकणारी नागमोडी कड येते आणि ती कमानीसारखी मोठी होत बाहेर सरकते. कमानीच्या आतलं सगळं जातं. शेवटी एका बाजूचं अर्धं जग नसतं."

"दोन्ही डोळ्यांना?"

"हो. एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दोन्हींना तेच. म्हणजे बिघाड डोळ्यांत नाही, आणखी मागे कुठेतरी आहे."

डॉक्टर पहिल्यांदा हसल्या. "बरोबर. पुढे?"

"ती कड नाहीशी झाली की डोकं सुरू होतं. पण गेल्या महिन्यात वेगळं झालं."

गेल्या महिन्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना मदत करायला गेले होते आणि स्पेक्ट्रोमीटरवर बसले होते. मोजपट्टीचा उजवा भाग नाहीसा झाला. ते ओळखीचं होतं, म्हणून मी थांबून राहिले. मग उजवा हात बधिर झाला आणि टेबलावरून घसरून खाली लोंबायला लागला. सर धावत आले. मला म्हणायचं होतं, 'थोड्या वेळाने बरं वाटेल.' तोंडातून निघालं ते कोणत्याच भाषेतलं नव्हतं. गावात बातमी झाली की बसाप्पा ड्रायव्हरच्या पोरीच्या अंगावरून वारं गेलं. दुसऱ्या दिवशी हात पूर्ववत झाला होता, पण आप्पांनी रजा टाकली, मिरजेला आणून मेंदूचे फोटो काढून घेतले आणि आता ते फोटो घेऊन आम्ही इथे डॉ. कर्णिकांपुढे बसलो होतो.

हे सगळं मी सांगत होते तेव्हा आप्पा खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर दुसऱ्या दवाखान्याची भिंत होती.

डॉक्टरांनी मला तपासलं. गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी टाकली, सरळ रेषेत चालायला लावलं, डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं. मग फोटो उजेडाच्या पेटीवर लावले.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या. "ते आधी सांगते. रात्री झोप लागू दे."

आप्पांनी छातीत अडवलेला श्वास सोडला.

"ही लक्षणं मायग्रेनची असू शकतात. अर्धशिशी म्हणतो ना, त्यातलाच एक दुर्मीळ प्रकार, ज्यात हातपाय लुळे पडतात. पण नुसतं असू शकतात यावर मी थांबू शकत नाही. इथे बघा, ही शीर एका ठिकाणी बारीक झाल्यासारखी दिसते. कदाचित फोटोतली चूक असेल. कदाचित शिरेलाच दोष असेल, आणि तसं असलं तर पुढच्या वेळी हात परत येणार नाही. म्हणून अँजिओग्राफी करावी लागेल. जांघेतून बारीक नळी घालून ती मानेपर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि शिरा बघायच्या."

"धोका हाय?" आप्पांनी विचारलं.

"थोडा आहे. क्वचित एखाद्याला त्याच वेळी पक्षाघात होतो. फार क्वचित."

"आन् नाय केली तर?"

"तर मी अंधारात औषध देणार." डॉक्टर खुर्चीवर मागे टेकल्या. "घरात आणखी कुणाला अगदी हेच होत असतं, तर गोष्ट वेगळी होती. हा प्रकार घराण्यातून येतो. तसा पुरावा असता तर ही तपासणी मी टाळलीच असती. कारण ज्यांना हा आजार असतो, त्यांना त्या नळीने आणि औषधानेच मोठा झटका आल्याची उदाहरणं आहेत. पण तुमच्याकडे कुणालाच नाही. म्हणून विचारलं मघाशी."

नर्सने संमतीचा कागद आणून आप्पांपुढे ठेवला. आप्पांनी तो वाचायला घेतला. आप्पा पेपर भराभर वाचायचे, पण तो एक कागद त्यांना संपेना. मग ते उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा आणि शर्टाची कॉलर ओली होती. ते बसले नाहीत.

"बाई, सही करायच्या आधी एक सांगायचं हाय."

"सांगा ना."

"मघाशी तुमी इचारलं, घरात कुणाला. मला हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. माझे वडील कधी डोकं धरून बसलेले मला आठवत नव्हते.

"डोकं दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोकं दुखतं ते शेवटाला. ती सांगती ते समदंच हाय."

डॉक्टर फार सौम्य आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मुलीच्या अंगात नळी घालायची म्हटल्यावर बाप काहीही बोलतो. मी दोष देत नाही. पण तुम्ही आत्ता तिचं सगळं इथे बसून ऐकलंय. तेच मला परत सांगाल, आणि मी त्यावर विश्वास ठेवला तर नुकसान तिचंच."

"मग तिनं सांगितलं न्हाई ते इचारा."

डॉक्टर पुढे सरकल्या. "ठीक आहे. रंग कोणते दिसतात? लाल, निळे?"

"रंग न्हाई. वेल्डिंगचा उजेड असतो तसलं. पांढरं. थरथरतंय सारखं."

"हात?"

"डावा. करंगळीपासनं सुरू. गियरचा दांडा हातात असतो, पण हाताला लागत न्हाई. बघितलं तरच कळतं, हात हाय तिथंच हाय."

"मग तिथून खांद्यावर चढतं?"

"खांद्यावर न्हाई. मनगटापाशी थांबतंय जरा. आन् एकदम तोंडात येतं. ओठ, आन् जीभ. निम्मीच जीभ. तंबाखू असली तोंडात, तर निम्म्या जिभेला लागती, निम्म्या जिभेला न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझीही निम्मी जीभ," मी म्हणाले. "आणि हातावरून एकदम तोंडात. मधे काही नाही. हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही."

"का?"

"मला वाटलं, माझं निरीक्षण चुकतंय. हाताची नस तोंडात जात नाही ना."

"नस जात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण मेंदूत हात आणि तोंड शेजारी राहतात." त्यांनी संमतीचा कागद ओढून घेतला आणि मधोमध फाडला. मग आप्पांना म्हणाल्या, "बसा. गियर म्हणालात. काय चालवता तुम्ही?"

"यष्टी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"चालवताना होतं?"

"हुतं की. वरसात चार-पाच डाव. आधी ठिपका जातो, तिनं सांगितलं तसा. तिथनं रस्ता निम्मा व्हायला जरा येळ असतो. तेवढ्यात गाडी बाजूला घ्यायची. मुल्ला म्हणून कंडक्टर हाय माझा. मी हॉर्न दोन डाव वाजवला की त्याला कळतं. तो आत ओरडतो, 'उतरा, रेडिएटर तापलाय.' बॉनेट उघडून पाणी घालत बसतो. मी मागल्या चाकाला पाठ लावून बसतो. लोकं गाडीला शिव्या घालत्यात. डोळा परत आला की निघायचं. दुखतंय नंतर, पण दुखत्या डोक्यानं गाडी चालती."

"कधी अपघात?"

"झाला न्हाई," ते म्हणाले. "दंडोबाच्या उताराला एकदा धनगराची मेंढरं आडवी आली. निम्मा कळप मला दिसला. मला वाटलं, तेवढीच मेंढरं हायेत. बाजूनं काढत हुतो. मुल्ला मागनं ओरडला, म्हणून पाय ब्रेकवर पडला. बाकीची मेंढरं आन् धनगराची बायको त्या बाजूला हुती."

"तुमची तपासणी होत नाही?"

"हुती की. डोळे फस्क्लास हायेत माझे. तपासणीच्या दिवशी ते येत न्हाई."

डॉक्टर बराच वेळ माझ्या कागदावर लिहीत होत्या. मग त्यांनी आणखी एक कोरा कागद घेतला आणि वर आप्पांचं नाव घातलं.

"दोघांनाही रोज घ्यायची गोळी देते आहे. बहुतेक कमी होईल. शैलजाला नळीची तपासणी नको. पण तुम्ही आता माझे पेशंट झालात. गाडी चालवायची नाही."

"किती दिवस?"

"मला माहीत नाही. कदाचित कधीच नाही."

"उद्या सकाळची ड्यूटी हाय माझी."

"मी तुमच्या डेपोला पत्र लिहिणार नाही. पेशंटने मला विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर नेत नाही. या दारातून बाहेर पडलात की पुढचं तुमचं तुम्हाला करायचं आहे." त्यांनी कागद आप्पांच्या हातात दिला. "धनगराच्या बायकोचं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. मी विचारलं होतं ते अपघाताचं."

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. ऊन उतरलं होतं. आप्पा माझ्या अर्धं पाऊल पुढे होते, पाठीमागे हात बांधून. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आईला काय बोलू नको."

"माझ्याबद्दल की तुमच्याबद्दल?"

"कशाबद्दलच."

"उद्या जाणार तुम्ही गाडीवर?"

"तुझं पुणं व्हायचं हाय अजून," ते म्हणाले. मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. "स्टेअरिंगवर हाय तवर मी ड्रायव्हर. उतरलो की मग काय, झाडू मारायला ठेवत्यात का घरला पाठवत्यात, कुणाला ठाऊक. गोळी दिलीया ना. गोळी घेऊन बघू. मुल्ला हायच."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण नळी माझ्या अंगात जाणार होती, ती गेली नव्हती, आणि ज्याने ती थांबवली त्या माणसाला मी काय सांगणार होते?

मिरजेच्या स्टँडवर आमच्या गावची गाडी फलाटाला लागलेली होती, पण इंजिन बंद होतं. दाराशी गर्दी आणि गर्दीचा आवाज. गाडीच्या पायरीवर दस्तगीर मुल्लाच उभे होते, आप्पांचे कंडक्टर, माझे मुल्लामामा. त्या दिवशी आप्पा रजेवर, म्हणून त्यांना दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर पाठवलं होतं.

"आला बघा!" आप्पांना बघून त्यांनी लांबूनच हात वर केला. "साहेब, आला आमचा अण्णा! पाठवला बघा देवानंच!"

गर्दीतून स्टँडचे कंट्रोलर बाहेर आले, घाम पुसत. "बसाप्पा, बरा भेटलास. तुमच्याच डेपोची गाडी आहे. ड्रायव्हरला ताप चढलाय, हुडहुडी भरून आत पडलाय. दुसरा माणूस यायला तासदीड तास जाईल. ही लोकं मला जगू देईनात. घेऊन जा एवढी. तुला जायचंच आहे घरी."

"घ्या की ओ ड्रायव्हर," एक बाई म्हणाली. तिच्या कडेवर झोपलेलं मूल होतं. "पोरगं उपाशी हाय माझं."

पटका बांधलेले एक म्हातारे पुढे आले. "आरं बसाप्पा, तूच हाईस व्हय! चल बाबा, चल. तुझ्या हाताखाली गाडी असली की मी डोळं झाकून बसतो."

मुल्लामामांची नजर माझ्या हातातल्या फोटोंच्या मोठ्या पाकिटावर गेली, मग आप्पांच्या तोंडावर. त्यांना एका क्षणात सगळं कळलं असावं, कारण त्यांचा आवाज बदलला.

"साहेब, राहू द्या. अण्णाचं पोट बिघडलंय सकाळपासनं. दवाखान्यातनंच आलाय. दुसरा बोलवा."

"पोटच ना? सोडा घे एक आणि बस."

"लई बिघडलंय साहेब, रस्त्यात उतरावं लागतंय सारखं..."

"पोटाला काय झालं न्हाई, दस्तगीर," आप्पा म्हणाले.

मुल्लामामा पायरीवरून खाली उतरले आणि आप्पांच्या अगदी जवळ येऊन पुटपुटले, "अण्णा, गप. मी बघतो. आजवर बघितलंय न्हवं?"

"बघितलंस. बास झालं." आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना हळूच बाजूला केलं आणि कंट्रोलरला म्हणाले, "साहेब, मला गाडी चालवता येणार न्हाई. आज न्हाई, उद्या पण न्हाई. चालवता चालवता मला निम्मा रस्ता दिसायचा बंद हुतो. डावा हात मरतो. डाक्टरनं सांगितलंय."

"कधीपासून?"

"लई वरसं झाली."

मागे कुणाला ऐकू गेलं नव्हतं, ते पुढच्यांना विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला. पटकेवाले म्हातारे आप्पांकडे बघत राहिले.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "इतकी वरसं तू आमाला तसंच घेऊन फिरत हुतास?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

"आन् ते रेडिएटर तापायचं?"

"ते बी तेच."

म्हातारे वळले आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले. कडेवर मूल असलेली बाई चिडून म्हणाली, "मग आता आमी करायचं काय?" कंट्रोलर फोन करायला आत गेले. मुल्लामामा गाडीच्या चाकाकडे पाठ करून उभे होते आणि तिकिटांची पेटी उगाच उघडत-मिटत होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी डेपोत जाऊन सगळं लेखी दिलं. महिनोन्महिने चौकशी चालली. मुल्लामामांच्या दोन वेतनवाढी अडवल्या गेल्या, आणि त्याबद्दल ते आप्पांशी कधी भांडले नाहीत, पण आमच्या घरी येणंही त्यांनी कमी केलं. आप्पांना गाडीवरून उतरवून डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा लोकांना सांगत राहिले. माझं पुणं एक वर्ष लांबलं, पण झालं. हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दुसरा ड्रायव्हर आला तेव्हा दिवे लागले होते. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो, कारण पुढच्या बाकांवरून लोक मागे वळून आप्पांकडे बघत होते. तपासण्यांच्या या फेऱ्यांआधी आप्पांच्या शेजारी बसून मी कधी एवढा लांबचा प्रवास केला नव्हता. ते नेहमी पुढे असत, जाळीच्या पलीकडे. मिरज मागे पडल्यावर मी विचारलं,

"आप्पा, मलाही तेच आहे हे तुम्हाला कधी कळलं? आज?"

त्यांनी मान हलवली. "तू सातवीत हुतीस."

"सातवीत मला काही होत नव्हतं. डोकं तर कॉलेजात सुरू झालं."

"डोकं नंतर. एका दुपारी मी ड्यूटीवरनं आलो. तू जेवत हुतीस. आई घरामागं परड्यात हुती. ताटातली उजव्या अंगाची भाकरी, भाजी समदी तशीच, आन् डाव्या अंगाचं चाटूनपुसून खाल्लेलं. आन् तू म्हणतीयास, आई, आणखी वाढ, माझं संपलं." त्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. "मी दारातच उभा राह्यलो. मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं."

"मग?"

"मग काय. आलो, ताट फिरवून ठिवलं. तू खाल्लंस. मी कुणाला बोललो न्हाई. मला वाटलं, बोललो तर खरं हुईल."

मी आठवून पाहिलं. ती दुपार, ती भाकरी, परड्यातून येणारी आई. काहीतरी सापडेल म्हणून गाव येईपर्यंत आठवत राहिले, आणि नंतरही कितीतरी वर्षं. ते ताट मला कधीच आठवलं नाही. ते फिरवणारा हात माझ्या उजव्या बाजूने आला असणार.